पोटखराबा

आमच्या गावाच्या नावात पाणी आहे. गावात मात्र ते वेळेवर आल्याचे मला फारसे आठवत नाही. जळकोटची मी, असे म्हटले की पुण्यामुंबईची माणसे हमखास विचारतात, "म्हणजे लातूरकडचे का?" लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे. ते तालुक्याचे गाव, त्याचा मान मोठा. आमचे जळकोट धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलात की नळदुर्गचा किल्ला मागे पडतो आणि तुम्ही जरा डुलकी काढायच्या बेतात असता तेवढ्यात आमचे गाव येऊन जाते. माझ्या लग्नात आलेल्या दोन मनिऑर्डरी आधी त्या जळकोटचा पाहुणचार घेऊन मग आमच्याकडे आल्या होत्या.

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. शब्द हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे कुणी बोलू लागले की काय बोलले यापेक्षा कोणत्या शब्दात बोलले याकडेच माझे लक्ष आधी जाते. घरच्या माणसांना या खोडीचा फार ताप होतो. परंतु सांगायची गोष्ट अशी की गेल्या काही वर्षांत माझ्या माहेरच्या बोलण्यात एक शब्द नव्याने येऊन बसला आहे आणि तो मला सुखाने बसू देत नाही. तो शब्द म्हणजे ढगफुटी.

माझ्या लहानपणी हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. पावसाला नावे होती, आणि ती भरपूर होती. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा; मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा; आणि हस्ताचा तो हत्तीचा, सोंडेने ओतल्यासारखा. पडण्याच्या तऱ्हेवरून आणखी निराळी नावे. झड वेगळी, रिपरिप वेगळी, भुरभूर वेगळी. वळीव तर सर्वस्वी वेगळा. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी पावसाला घरात घेतले होते. तो भांडला तरी नात्यातला होता. ढगफुटी हा शब्द नात्यातला नव्हे. तो अपघाताच्या बातमीतला आहे. हवामानखाते तो जपून वापरते. लहानशा टापूत एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपण मात्र ओट्याला पाणी लागले की ढग फोडून मोकळे होतो. आणि एकदा ढग फुटला म्हटले की पुढचे बोलणेच खुंटते. वर फुटले, खाली आले. त्याला खालच्या माणसाने काय करायचे?

माझे म्हणणे असे की खालच्या माणसाने पुष्कळ काही केलेले आहे. ते सांगायचे तर आमच्या ओढ्याची हकीकत सांगायला हवी.

आमच्या शेताच्या पश्चिम अंगाने एक ओढा जातो. त्याला नाव नाही. नदीला नाव असते, तिची ओटी भरतात, तिच्या काठी घाट बांधतात. ओढ्याचे कोण बारसे करणार? 'ओढ्याकडे जाऊन येतो' एवढाच त्याचा उल्लेख, आणि तोही कशासाठी ते सभ्य वाचकांना सांगायला नको. वर्षातले नऊ-दहा महिने तो कोरडा असे. वाळू, गोटे, काठाला करंज आणि निर्गुडी, वळणावर चार शिंदीची झाडे. उन्हाळ्यात बैलगाड्या त्याच्या पात्रातूनच जात. पाऊस जोराचा झाला की मात्र दोन तास तो कुणाचे ऐकत नसे. आजी अंगणातूनच सांगे, "वड्याला पाणी आलंय." मग आम्ही पोरे काठावर धावायचो, आणि पलीकडच्या शिवारात गेलेली माणसे पलीकडेच अडकायची. त्यावर कुणाचा आक्षेप नसे. करंजाखाली बसावे, शेंगा खाव्यात, गावातल्या लग्नकार्यांची चर्चा करावी, पाणी उतरले की घरी यावे. दोन तास ओढ्याचे, हे सर्वांना मान्य होते. हस्ताच्या दिवसांत ओढ्याच्या वाळूत जनावर बांधायचे नाही, असा आमच्या आप्पांचा दंडक होता. आप्पांनी १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडली होती. पाणी नसणे आणि पाणी येणे या दोन्ही गोष्टींकडे ते सारख्याच अदबीने पाहत.

सरकारी कागदात या ओढ्याला जे नाव आहे ते मला आप्पा गेल्यावर, वारसाची नोंद करताना समजले. सातबाऱ्यावर लागवडीस योग्य क्षेत्र एका ओळीत असते आणि त्याच्या खाली, ज्या जागेत काही पिकत नाही तिची वेगळी नोंद असते. ओढा, नाला, खडक, पायवाट, सगळे त्यात. त्या रकान्याचे नाव पोटखराबा. हा शब्द वाचून मी तलाठ्यासमोरच हसले. शेताचे पोट बिघडले आहे म्हणे! ज्या वाटेने शेत आपल्या पोटातले जादा पाणी बाहेर टाकते, नेमकी तीच जागा खराब ठरवायची, हा विनोद महसुलाच्या भाषेलाच सुचू जाणे. तलाठ्याला मी का हसते ते कळले नाही. कळण्याचे कारणही नव्हते.

आता २०२० सालाची गोष्ट. करोनाचे वर्ष. महाविद्यालय बंद होते, मी सोलापुरात घरात बसून संगणकाच्या पडद्याला व्याकरण शिकवत होते. १३ ऑक्टोबरला सकाळी बंगालच्या उपसागरातले एक खोल न्यूनदाबाचे क्षेत्र आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर चढले. अशी क्षेत्रे जमिनीवर आली की बहुधा दमतात. हे दमले नाही. हैदराबाद शहर बुडवून, तेलंगण ओलांडून ते पश्चिमेकडे सरकत सोलापूरवर आले आणि पुढे थेट अरबी समुद्रात उतरले. नकाशावर त्याची वाट पाहिली तर हैदराबादहून सोलापूरला येणाऱ्या रस्त्याच्या साथीने आल्यासारखी दिसते. "यष्टीपेक्षा येळेवर आलं," असे माझा धाकटा भाऊ बापू नंतर म्हणाला. त्या रात्री मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वीज गेलेली, फोन मधूनच लागत होता. दोनच्या सुमाराला लागला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "अक्का, सोयाबीन गेलं. पाणी अजून यायलंय."

त्या वेळी सोयाबीनची कापणी झालेली होती. शेताशेतांत गंजी लावलेल्या होत्या, मळणी यंत्राची वाट पाहत. आमच्या भागात त्या रात्री किती गंजी वाहून गेल्या याची मोजदाद आपल्याला वर्तमानपत्रातून मिळते. पण गंज वाहून जाणे म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायचे तर असे सांगावे लागेल: वर्षाचा पगार रोख घरात आणून ठेवला होता, आणि तो घरासकट भिजला नाही, तर एकटा उठून चालू लागला. चार दिवसांनी परवानगी काढून मी गावी गेले. बोरी नदीच्या खालच्या अंगाला, अक्कलकोट तालुक्यात, गावेच्या गावे पाण्यात गेली होती. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तुळजापूर तालुक्यात येऊन बांधावर उभे राहून गेले. पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. ते सर्व छापून आलेले आहे.

छापून न आलेले असे होते. आमचा ओढा आपल्या जागी नव्हता. तो शेतातून गेला होता.

त्याचे कारण पाहायला फार लांब जावे लागले नाही. शेताच्या खालच्या बाजूला पूर्वी एक गाडीवाट होती. ती ओढ्यात उतरे आणि पलीकडे चढे. काही वर्षांपूर्वी तिचा पक्का रस्ता झाला. रस्ता व्हायलाच हवा होता. पोरी सायकलवरून शाळेत जाऊ लागल्या, बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचू लागली, दूध नासायचे थांबले. पण रस्ता पुरुषभर उंच करून ओढ्यासाठी त्याच्या पोटात सिमेंटचे दोन नळ टाकले. ज्याने कुणी ते टाकले त्याने ओढा मे महिन्यात पाहिला असावा. त्या रात्री कडबा, तुऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांनी ते नळ पहिल्या अर्ध्या तासातच गच्च झाले. रस्त्याचा बांध झाला, बांधामागे तळे झाले, आणि तळ्याला जेव्हा आपले वजन पेलवेना तेव्हा ते आमच्या शेतातून आडवे फुटले. वरची काळी माती हातभर खोल खरवडून गेली होती. खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता, उन्हात चकाकत होता. विहीर गाळाने भरली होती. एक कालवड गेली होती. आई त्या मुरमाकडे पाहत उभी होती आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "आप्पानं घमेल्यानं टाकलेली माती व्हती ती."

आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी कागद ओढला. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी होते? मी आपली कपाळाला आठ्या घालून बसले. उत्तर आले, दहा कोटी लिटर. आमच्या गावात उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्याच्याभोवती बायकांची भांडणे होतात. दहा कोटी लिटर म्हणजे असे दहा हजार टँकर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले ते तुम्हाला आठवत असेल. पन्नास वाघिणींच्या त्या गाडीत पंचवीस लाख लिटर पाणी मावत असे. म्हणजे अशा चाळीस गाड्या, आणि तेही एका चौरस किलोमीटरवर. यातले निम्मे जमिनीत मुरले असे समजू. उरलेले तीन तासांत वाहून जायचे तर दर सेकंदाला साडेचार हजार लिटरहून अधिक पाणी गेले पाहिजे. तीन-तीन फुटांचे दोन नळ, अगदी स्वच्छ असले, तरी त्यांतून सेकंदाला अडीच-तीन हजारांपलीकडे जाणे कठीण. "आणि बाई," ते म्हणाले, "निम्मे मुरले हे मी तुमच्या समाधानासाठी धरले. काळी माती आधीच भिजलेली असली तर ती फुगून बसते. फार थोडे मुरते."

त्या दिवसापासून ढगफुटी हा शब्द मी घरात कुणाला उच्चारू देत नाही.

नळांवर सारा दोष टाकून मोकळे होणेही खरे नाही. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, बालाघाटाचा उतार. तिथले पाणी पूर्वी दमादमाने खाली येई. शेताशेतांना ताली होत्या, जाड बांध होते, बांधावर बोरी-बाभळी होत्या. पाणी प्रत्येक बांधाशी जरा थांबे, गाळ ठेवी, मग पुढे जाई. ट्रॅक्टर आला, वाटण्या झाल्या, दोन तास जास्त पेरायला मिळावेत म्हणून बांध कोरले गेले. आमच्यात 'तास' म्हणजे नांगराची रेघ. घड्याळाचा तास नव्हे. ज्वारी-तूर-मूग असे मिसळून पेरायचे ते मागे पडले, सगळ्या शिवारात एक सोयाबीन आले, आणि ते निघते नेमके परतीच्या पावसाच्या तोंडावर. त्या वेळी जमीन उघडी, मोकळी, न्हाऊन केस सोडून बसल्यासारखी. मध्यंतरी ओढे खोल आणि रुंद करण्याची मोहीम निघाली. तिने आमच्या दोन विहिरींना पाणी आले, हे मी नाकारणार नाही. पण आमच्या वरच्या शिवारात यंत्राने ओढ्याची वळणे काढून तो सरळ कोरला आणि निघालेली माती काठावरच रचली. वळणे ही ओढ्याची विश्रांती होती. सरळ केलेला ओढा म्हणजे उतारावरून सोडलेले गाडीचे चाक.

तर खालच्या माणसाने हे केले. आणि वरचा? त्याचाही स्वभाव बदलला आहे, ही गोष्ट आता केवळ आजीच्या तक्रारीची राहिलेली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की मध्य भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेताचा पाऊस कमी होत गेला आणि अतिजोराचा वाढत गेला. एकूण बेरीज जवळपास तीच. पण शंभर दिवस रोज रुपया देणारा माणूस अचानक महिनाभर काहीच न देता एकदम तीस रुपये अंगावर फेकू लागला. याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि इतरांनी २०१७ साली आणखी एक हिशेब मांडला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या होत्या, आणि त्यांना पाणी पुरवणारा होता आपला तापत चाललेला अरबी समुद्र. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. कोळसा आणि तेल जाळून आपण सगळ्यांनी मिळून, म्हणजे लंडनपासून सोलापूरपर्यंत, ही हवा तापवली आहे. आमच्या बापूचा त्यातला वाटा एका मोटारसायकलीचा. गंज मात्र त्याची गेली.

२०२५ च्या सप्टेंबरात हे सारे पुन्हा, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर झाले. नवरात्राची घटस्थापना २२ तारखेला होती. तुळजापूरला आई भवानीच्या दर्शनाला माणसे निघाली होती, आणि त्याच दिवसांत आमच्याच जिल्ह्यात परंडा, भूम या तालुक्यांत माणसांना छपरांवरून उतरवायला हेलिकॉप्टर आणावे लागले. सीना नदी इतकी फुगली की लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला. ज्या सीनेच्या पात्रात आम्ही वर्षानुवर्षे पाणी शोधत होतो तीच ही. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यात खरवडून गेलेल्या जमिनीसाठी वेगळी रक्कम होती. पिकाची भरपाई मला समजते. मातीची भरपाई हा शब्दप्रयोग वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले. काळी माती बोटभर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात; तिची पावती कोणत्या कार्यालयात फाडायची?

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या नाव नसलेल्या ओढ्याचे हे पुराण आम्हाला कशाला? आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. तर पुण्यातला आंबिल ओढा आठवून पाहा. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेला मिळणारा. पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून शहराला पाणी आणले तो याच ओढ्याच्या जिवावर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो सोसायट्यांच्या भिंती पाडून आत आला, वाहनतळातल्या मोटारी एकमेकींवर रचून गेला, आणि पुणे व आसपास वीसहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी पुष्कळ पुणेकरांना प्रथमच कळले की आपल्या घरामागून जातो त्याला नाला म्हणत असले तरी तो ओढा आहे. मुंबईकरांना २६ जुलै २००५ ला मिठी नदीची अशीच ओळख झाली होती. अगदी स्पेनमध्ये, व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेकडल्या उपनगरांत, २९ ऑक्टोबर २०२४ ला जे पाणी शिरले ते पोयो नावाच्या एका ओहळातून आले. तोही आमच्या ओढ्यासारखाच, एरवी कोरडा. त्या आपत्तीत दोनशेहून अधिक माणसे गेली. श्रीमंत देश, उत्तम रस्ते, आणि कोरड्या ओढ्याविषयीची बेफिकिरी मात्र आपल्यासारखीच.

यावर उपाय काय, असे मला विद्यार्थी विचारतात. जणू मराठीच्या प्राध्यापिकेकडे पुरावरचा उपाय असतो. मी त्यांना नळदुर्गला घेऊन जाते. दर दोन वर्षांनी आमची सहल तिथे ठरलेली. किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, तो बांधला गेला. बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या आहेत, त्याला पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात बंधारा भरला की वरून दोन ठिकाणी पाणी धो धो कोसळते. लोकांनी त्या धबधब्यांना नर आणि मादी अशी नावे ठेवली आहेत. बाहेर एवढा गोंधळ चालू असताना आत महालात मात्र माणूस कोरडा उभा राहतो. मुले तिथे फोटो काढतात. मी त्यांना त्या दोन वाटांकडे पाहायला सांगते. बांधणाऱ्याने नदी अडवली, तिच्या पोटात राजाला बसायला गवाक्ष केले, ऐश केली म्हणा हवे तर. पण पाणी जास्त झाले तर ते कुठून जाईल याचा विचार आधी केला, आणि ती जागा पाण्याला देऊन टाकली. चारशे वर्षे ती त्याची आहे. त्या काळात ना उपग्रह होते, ना संगणक. नदी मात्र त्यांनी पावसाळ्यात पाहिली होती.

हे सांगायला सोपे असते. गेल्या वर्षापासून मात्र माझ्यावरच कठीण वेळ आली आहे.

बापूला जमीन विकायची आहे. सगळी नाही, ओढ्याकडेची, रस्त्याला लागून असलेली वीस गुंठ्यांची पट्टी. त्याचे कारण खोटे नाही. मुरूम उघडा पडलेल्या भागावर त्याने तलावातला गाळ आणून टाकला, त्याचे कर्ज झाले. ते फिटायच्या आत २०२५ आले. त्याची थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. तिची दोन वर्षे राहिली आहेत. आणि महामार्गाच्या चौपदरीकरणापासून आमच्या बाजूला प्लॉट पाडणाऱ्यांची ये-जा वाढली आहे. त्यांतल्या एकाने चांगला आकडा सांगितला. अट एकच, ओढ्यासकट सलग जागा हवी. ओढा तो पाइपात घालणार, वर भराव टाकणार, आणि सपाट जमीन करून तिच्यावर चुन्याच्या रेघा मारणार. सातबाऱ्यावर तीन नावे आहेत, आईचे, बापूचे आणि माझे. माझी सही लागते.

"भराव टाकलेल्या जागेत घर बांधायला कोण येणार?" मी विचारले. "शहरात कुठेतरी नोकरी करून निवृत्त झालेला एखादा मास्तर. त्याला ओढा माहीत नसणार. हस्तात त्याच्या पलंगाखाली पाणी येईल तेव्हा तो काय म्हणेल? ढगफुटी झाली म्हणेल."

"अक्का," बापू म्हणाला, "वड्याला कोण भाव देतंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पगारदार बहिणीने कर्जदार भावाला पर्यावरण शिकवायचे, यात काहीतरी ओशाळवाणे आहेच. पोरीच्या शिक्षणाला मी हातभार लावते म्हणाले, तर तो दोन दिवस बोलला नाही. वहिनीने मध्यस्थी केली. शेवटी असे ठरले की आधी सरकारी मोजणी करून घ्यायची, ओढा नकाशावर किती आहे ते पाहायचे, आणि तेवढा वजा करून उरलेल्या जागेचे बोलायचे.

मोजणीदार या उन्हाळ्यात आला. पूर्वी साखळी असे. आता तिवईवर यंत्र असते आणि ते उपग्रहाशी बोलते. गावच्या जुन्या नकाशावर ओढा दोन नागमोडी रेघांनी दाखवलेला होता, वळणे-बिळणे सगळी धरून. यंत्राने त्या रेघा जमिनीवर आणल्या, बापूने तिथे फक्की टाकली. आई काठी टेकत शिंदीच्या झाडापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आपल्या डोक्याच्या वर, खोडाच्या खाचेत अडकून वाळलेला कडबा तिने काठीने दाखवला. रेघ तिथून दहा-बारा पावले अलीकडेच थांबली होती.

"बाई, नकाशात एवढाच आहे," मोजणीदार म्हणाला. माणूस सज्जन होता.

"आसंल की," आई म्हणाली. "मशिनीला इचार, हस्तात पाणी कुटवर येतंय."

त्याने विचारले नाही. ते त्याच्या कामात बसत नव्हते. पण आईने बापूच्या हातातली फक्कीची पाटी घेतली आणि शिंदीपासून करंजापर्यंत आपली वेगळी रेघ ओढली. वाकडीतिकडी आली, म्हातारीचा हात. नकाशाच्या हिशेबाने साडेतीन गुंठे ओढ्याचे होतात, आईच्या हिशेबाने आठ. प्लॉटवाला साडेतीन सोडायला तयार आहे. आठ सोडायचे तर तो भाव उतरवतो, आणि तो उतरवलेला आकडा बापूच्या कर्जाला पुरतो, मुलीच्या दुसऱ्या वर्षाला पुरत नाही.

आईच्या रेघेवर मी अडून बसले आहे. दुसऱ्या वर्षाचे काय करायचे ते मी आणि वहिनीने एकमेकींत बोलून ठेवले आहे. बापूला अजून सांगितलेले नाही. भाऊबीजेला मी जळकोटला जाणार आहे. ओवाळून झाले, फराळ झाला, की कागद काढायचा असे वहिनी म्हणते. फराळाआधी काढू नकोस, असेही तिने बजावले आहे.